पहिल्यासारखे

व्यंकटरावांना नांदेडच्या दवाखान्यातून कुरुंद्याला आणलं तेव्हा ऊन कलत होतं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी कोणाकडं पाहिलं नाही. भादरलेल्या डोक्यावरचे टाके चाचपत ते आतल्या खोलीत जाऊन पडले.

"गाठ मुळापासून निघाली म्हणाले डॉक्टर," सोमेश्वर ओसरीवर टेकत म्हणाला. वसमतच्या कॉलेजात तो जीवशास्त्र शिकवायचा. "आता आबा पहिल्यासारखे होतील, माय."

द्वारकाबाई अंगणात उकडलेली हळद पसरत होत्या. त्यांचा हात थांबला.

"पहिल्यासारखे?"

सोमेश्वरनं मान डोलावली.

"दिवाळीत माझा हात धरून लेकरावानी रडले ते. म्हनले, द्वारके, लई मारलं तुला, माफ कर. तवापासून मला ताट वाढल्याबिगर घास घेतला न्हाई. मंग ते कोन व्हतं?"

"गाठ मेंदूवर दाबत होती. त्यानं स्वभाव पालटतो. मन म्हणून वेगळं काही नसतं, माय. सगळं मेंदूचंच काम."

वर्गात हे तो फळ्याकडं तोंड करून सहज सांगायचा. इथं त्याला आईकडं बघून ते सांगता येईना, तो हळदीकडं बघत बोलला.

"आन त्याच्या आधी जलमभर मारलं, तवा कोनची गाठ दाबत व्हती?"

तो हळूच म्हणाला, "काढली नसती तर आबा वाचले नसते."

द्वारकाबाई पुन्हा हळद पसरू लागल्या.

आत काहीतरी भिंतीवर आदळलं. पितळी तांब्या घरंगळत उंबऱ्यापाशी आला. पाणी ओसरीभर झालं.

"ए! मेली का कुठं?"

आवाज खणखणीत होता. सोमेश्वरनं लहानपणी ऐकलेला, तसाच. तो उठू लागला.

"मी जातो."

"बस तू."

द्वारकाबाईंनी पदराला हात पुसले. संक्रांतीला व्यंकटरावांनी स्वतः बाजारात नेऊन भरवलेल्या हिरव्या बांगड्या त्या एकेक करून उतरवू लागल्या. एकीलाही तडा जाऊ दिला नाही. सगळ्या कोनाड्यात नीट ठेवल्या.

"माय, बांगड्या काहून काढून राहिली?"

"फुटल्या की रुततात," त्या म्हणाल्या, आणि मोकळ्या हातांनी आत गेल्या.