चौथ्या फांदीचा दोरा

बारशाला जेमतेम तासभर उरला होता आणि रेवतीताईंचं डोकं चालेना. आई, बाबा आणि मावशी अशा तिघांचं मिळून झालेलं बाळ, म्हणजे त्याच्या डीएनएला फांद्या तीनच हव्यात. गावातल्या कितीतरी पाळण्यांवर टांगायचे डीएनएचे मण्यांचे नमुने त्यांनी तसेच, माणशी एक फांदी धरून, ओवले होते. आज मात्र मण्यांचा क्रम छापलेल्या दवाखान्याच्या कागदावर फांद्या चार होत्या.

"छापताना झोपा काढतात मेले," असं पुटपुटत त्यांनी चौथी तार हातात घेतली. लाल, पिवळा, पिवळा, निळा... मणी भराभर चढत गेले. फांदी संपली तेव्हा त्यांना दिसलं, की कागद केव्हाच पंख्याच्या वाऱ्याने टेबलाखाली उडाला होता.

त्यांनी तो उचलून ताडून पाहिलं. एकही मणी चुकला नव्हता.

हे काम शिकणारी प्रत्येक बाई पहिला नमुना स्वतःचाच करते. रेवतीताईंनी तो तीसेक वेळा उसवून पुन्हा ओवला होता; त्यांच्या बोटांना तो अजून पाठ होता. पण त्या नमुन्यासाठी दवाखान्यात दिलेलं रक्त नष्ट केल्याचं दवाखान्याचं पत्र आलं होतं. मग हे काय?

एवढ्यात बाळाला घेऊन तिघं आले. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने आपापल्या फांदीला दोरा बांधला.

"अहो ताई, ही चौथी कुणाची?" आईने विचारलं. "हिला दोरा कोण बांधणार?"

"बघते हं," म्हणत रेवतीताई दोऱ्याचं रीळ शोधू लागल्या. ते त्यांच्याच मुठीत होतं, आणि मूठ काही उघडेना.