कुंकवाचं काय करू?

त्या पोस्टकार्डाला मार्तंडरावांनी उत्तर दिलं नव्हतं. लढाई नुकतीच संपली होती, तेव्हा ते कार्ड फिरत फिरत त्यांच्या हाती आलं होतं. ताडकळसच्या मास्तरांचं वळणदार अक्षर आणि खाली कुसुमबाईंचा अंगठा. ‘आमचे धनी कुठे आहेत ते कोणी सांगत नाही. तुम्ही त्यांचे दोस्त. कुंकवाचं काय करू, तेवढं कळवा.’

असली गोष्ट बाईनं उघड्या कार्डावर का लिहून घेतली असेल, असं त्यांना वाटून गेलं होतं. पण उत्तर द्यायची सोय नव्हती. कुसुमबाईंचा नवरा सिताराम आणि मार्तंडराव ज्या पाणबुडीवर होते, ती त्या महिन्यात बंदरातून हललीच नव्हती, असं कागदोपत्री होतं. बोटीवरच्या सगळ्यांनी गुप्ततेची शपथ घेतली होती. बोटीचे कप्तानसाहेब वर्षभरात आजारानं गेले, त्यामुळे विचारावं असंही कोणी उरलं नाही. सिताराम बेपत्ता, एवढंच सरकारनं घरी कळवलं.

पुढे मार्तंडराव नौदलातून सुटले, सेलूच्या वाचनालयात लागले आणि पुस्तकांत तोंड लपवून म्हातारे झाले. परभणीला बस बदलली की ताडकळस. पण त्यांचा पाय कधी उचलला नाही.

यंदा नौदलानं कळवलं, ती मोहीम आता गुप्त राहिलेली नाही, बोलायला हरकत नाही. मार्तंडराव उत्तर लिहायला बसले. लिहायचं, वाचायचं आणि फाडायचं. आपल्या चार ओळींनी एका बाईचं कुंकू पुसलं जाणार, हे काही केल्या मनातून जाईना. शेवटी त्यांची सून हेमा म्हणाली, “बाबा, शुद्धलेखन पुरे. स्वतः नेऊन द्या.” आणि पाकिटावर तिकीट लावायचं ते लावून तिनं त्यांना बसमध्ये बसवून दिलं. नाहीच धीर झाला तर निदान पेटीत तरी टाकतील, असा तिचा हिशेब.

त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. कुसुमबाई ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. मार्तंडरावांची मान खाली गेली. त्यांनी नाव सांगितलं तेव्हा बाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“सेलूहून ताडकळसला यायला इतकी वर्षं? भाऊजी, तुमची बोट लय सावकाश चालती.”

चहा झाला. गावानं काय काय म्हटलं, ते बाईंनीच हसत सांगितलं. सितारामनं मुंबईत दुसरं घर केलंय. लढाई लागली तसा पळाला भित्रा. शेजारणी तोंडावर गोड बोलायच्या आणि पाठ फिरली की म्हणायच्या, टाकलेल्या बाईला एवढी कुंकवाची हौस कशाला.

भित्रा हा शब्द मार्तंडरावांना सोसला नाही. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस, पण त्या दिवशी न अडखळता बोलत राहिला. पाणबुडीच्या पोटात सुरुंग भरले होते. शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी ते गुपचूप सोडून यायचे होते. शेवटचा सुरुंग नळीत अडकला, अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि त्याचं घड्याळ सुरू झालेलं; ते संपलं की सुरुंग जागा होणार, मग जवळच्या लोखंडालाही फुटणार. तो नळीतच फुटता तर बोट गेलीच असती, आणि आपण तिथवर पोचलो होतो हेही शत्रूला कळलं असतं. सिताराम पाण्यात उतरून काम करणारा गडी. कोणी सांगायच्या आत त्यानं पोशाख चढवला आणि बाहेर गेला. मार्तंडरावांचं काम यंत्र कानाला लावून समुद्र ऐकायचं. सितारामनं बोटीच्या पत्र्यावर ठोकून कळवलं, सुरुंग सुटला. तेवढ्यात शत्रूची गस्तीची बोट जवळ येऊ लागली. त्याला आत घ्यायचं तर दार उघडावं लागणार, आवाज होणार. मग सितारामनंच पुन्हा ठोकलं. निघा.

“ते ठोके मी ऐकलेत, वहिनी. घाबरलेल्या माणसाचे नव्हते ते. दारावर थाप मारून ‘येतो’ म्हणावं, तसे होते.”

कुसुमबाई रडल्या नाहीत. मान मात्र ताठ झाली. “ठोक्यांचं बरं सांगितलंत,” एवढंच म्हणाल्या.

मार्तंडरावांनी पाकीट पुढं केलं. बाईंनी ते घेतलं नाही. हे सगळं त्यात लिवलंय का, खाली तुमची सही हाय का, असं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, पोस्टात टाका. पोस्टमन आणील, चारचौघांत वाचून दाखवील.

आणखी दोन दिवस तरी कुंकू राहावं म्हणून म्हणत असतील, असं मार्तंडरावांना वाटलं. ते त्यांच्यामागून बाजारातून पोस्टापर्यंत गेले. पेटीपाशी मात्र त्यांचा हात थांबला.

“मला माफ करा, वहिनी. तेव्हाच कळवायला पाहिजे होतं. तुम्हाला उगीच आशेवर ठेवलं.”

“कशाची आशा?” बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “ते कार्ड मी मास्तरकडून पारावर लिवून घेतलं, समद्यांच्या देखत. नवरा बेपत्ता अन् बायको साधी विचारपूस करत न्हाई म्हणल्यावर लोकाला शंका आली नसती का? तुमी उत्तर दिलं असतं तर माझी पंचाईत झाली असती. तुमचे कप्तानसाब त्याच्या आधीच येऊन गेलते, कापसाचे व्यापारी बनून. म्हणले, सिताराम गेला, पन दुसरी बोट त्याच वाटेनं जायलीय. कुंकू पुसलं तर बोभाटा व्हईल. तवा पुसू नका, मी सांगायला येतो.”

मार्तंडरावांनी मान वर करून त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं.

“पुसा म्हणून सांगायला मातर कोनी आलंच न्हाई. टाका आता.”

मार्तंडरावांनी पाकीट पेटीत टाकलं.