व्यस्त प्रमाण

"चार मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर आठ मजूर किती दिवसांत?" बाईंनी विचारलं. "चार!" अख्खा वर्ग ओरडला. गवंड्याची मुलगी तेवढी "आठच" म्हणाली, आणि बाईंचा पारा चढला.

"डोकं गहाण ठेवलंयस का? मजूर दुप्पट झाले ना?"

"हो बाई. पण माणसं वाढवली म्हणून भिंत लवकर वाळत नाही." तिनं मान खाली घातली. "मागे एक भिंत मुकादमानं चार दिवसांतच उरकायला लावली. ती बाबांच्या अंगावर आली."

बाईंची नजर खिडकीकडे गेली. बाहेर शाळेच्या नव्या वर्गाचं बांधकाम चाललं होतं. कालपासून तिथे दुप्पट माणसं लावली होती. सोमवारी याच मुलांना तिकडे बसवायचं होतं.