पाचशे फुटांवर बेशुद्ध

"ताई, तुम्हाला बेशुद्ध पडायला सांगितलंय," मागच्या खुर्चीतून परीक्षक म्हणाला. "बोलायला नाही."

त्याने बटण दाबलं आणि समोरच्या काचेतली धावपट्टी, तिच्या दोन्ही कडांचे दिवे, सगळं जागच्या जागी थांबलं. सिम्युलेटरच तो. खऱ्या विमानाचं कॉकपिट हुबेहूब एका खोलीत बसवलेलं. आकाश तेवढं खोटं. डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसलेल्या ताईंनी जीभ चावली.

"अगं बाई! 'चेक' तोंडातून निघूनच गेलं."

खरं तर परीक्षा ताईंची नव्हतीच. ती होती उजवीकडच्या को-पायलटची. त्याच्या कॅप्टनची ऐन वेळी पाठ धरली, म्हणून इथे शिकवणाऱ्या ताई बदली बसल्या. काम काय, तर विमान उतरवत आणायचं आणि पाचशे फुटांवर मान टाकायची. को-पायलटने उंची सांगायची. कॅप्टनकडून 'चेक', म्हणजे ऐकलं, असं उत्तर नाही आलं तर पुन्हा एकदा सांगायची. तेव्हाही कॅप्टन गप्प, तर मोठेपणा-लहानपणा खुंटीला टांगून विमान सरळ आपल्या हातात घ्यायचं.

पोराचा हात चांगला होता, पण मोठ्या माणसापुढे हा मूग गिळून बसायचा. मागच्या परीक्षेत कॅप्टन मान टाकून पडला, तरी हा आपला अदबीने "सर? सर?" करत राहिला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच मातीत गेलं. आज पुन्हा तसंच झालं तर कंपनी त्याला घरी बसवणार होती. सकाळपासून बिचाऱ्याने चहासुद्धा घेतला नव्हता.

"चला, पुन्हा," परीक्षक म्हणाला.

विमान पुन्हा वरून खाली यायला लागलं. ताईंनी सुकाणू धरलं आणि तळव्यांना ते ओळखीचं वजन लागलं. ते सुटून दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी घरी ओट्यापाशी भांडी पुसत उभ्या होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा फरशीवर होत्या आणि नवरा तोंडावर पाणी मारत होता. पुन्हा असं होणार नाही याची खात्री कुठलाच डॉक्टर देईना. उडणं सुटलं ते सुटलंच. तेव्हापासून त्या रोज मागच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांना शिकवत होत्या, आपण उपाशी राहून पंगतीला वाढल्यासारख्या.

"पाचशे," को-पायलट म्हणाला.

"चेक," ताई म्हणाल्या.

या वेळी मात्र ते निसटलं नव्हतं. त्यांनी ते म्हटलं होतं. धावपट्टी रुंद होत अंगावर येत होती, अजून थोडंच, की चाकं टेकली असती. एकदाच. खोटी का होईना, पण आपल्या हाताने टेकली असती.

चित्र पुन्हा थांबलं.

"काय ताई तुम्ही!" परीक्षक हसला. एके काळी तो ताईंच्याच शेजारी को-पायलट म्हणून बसायचा, म्हणून थट्टेचा हक्क होता त्याला. "खरोखर पडलात तेव्हा कुणाला विचारलं नाहीत, आणि आता हातापाया पडतोय तर पडत नाही!"

बोलून गेला आणि स्वतःच वरमला. ताईंनी उजवीकडे पाहिलं. को-पायलट रुमालाने तळवे पुसत होता. त्याची वेळ त्यांनी दोनदा खाल्ली होती, आणि 'मॅडम, परीक्षा माझी आहे हो' एवढंही त्याच्या तोंडून निघत नव्हतं. ताईंना स्वतःची लाज वाटली.

"आता हे शेवटचं," परीक्षक म्हणाला. "यापुढे संधी नाही."

विमान खाली येऊ लागलं.

"पाचशे."

ताईंनी ओठ घट्ट मिटले. मान टाकली, डोळेही मिटले.

"पाचशे, मॅडम." मग थोडं थांबून, जुन्याच पडेल आवाजात, "मॅडम?"

घे रे बाबा, ताई मनात म्हणत होत्या. घे. आणि त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून, नको घेऊस, राहू दे, अजून जरासं राहू दे.

"कंट्रोल माझ्याकडे!"

मागे परीक्षकसुद्धा दचकला. पण ताईंचे हात सुटले नाहीत. त्यांनी सोडायचं ठरवलं होतं, तरी सुटले नाहीत. दोघांच्या ओढाओढीत विमान डगमगलं. को-पायलटने त्यांचं मनगट धरलं.

"सोडा! सोडा म्हणतो ना!"

ना मॅडम, ना प्लीज. त्याने एकेक बोट उकलून हात मोकळे केले, खांद्याला धरून त्यांना मागे रेटलं आणि विमान सावरलं. चाकं टेकली. जराशी आदळलीच, पण धावपट्टीवर टेकली.

"पास," परीक्षक म्हणाला.

को-पायलट क्षणात पुन्हा पहिल्यासारखा झाला. "सॉरी मॅडम, फार जोरात ओढलं. दुखलं का?"

"दुखलं," मनगट चोळत ताई म्हणाल्या. "असंच ओढायचं."

परीक्षकाने घड्याळ पाहिलं. मग त्याने विमान पुन्हा वर नेऊन ठेवलं. धावपट्टी दूरवर दिव्यांनिशी उभी राहिली.

"पुढची जोडी यायला अवकाश आहे," तो हळूच म्हणाला. "एक तुमच्या हाताने उतरवा ना, ताई. अगदी खालपर्यंत. कुणी थांबवणार नाही."

ताईंचा हात उचलला गेला. मग त्यांनी तो दुसऱ्या हातात घट्ट धरून मांडीवर ठेवला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"नको रे," त्या म्हणाल्या. "हा होता म्हणून हातातून सुटलं. पुन्हा धरलं तर मनातून सोडवायला घरी कोण येणार?"