पहिली उडी

टिंग! नवी फेरी सुरू झाली. धाकटीने डावं बटण बडवायला घेतलं. फेरीच्या पहिल्या अर्ध्या वेळात डाव्या बटणाला गुण, उरलेल्या वेळात उजव्याला. सगळ्या फेऱ्या सारख्याच लांबीच्या, पण अर्धी फेरी कधी झाली, ते मात्र कुणी सांगणार नाही. घड्याळ नाही. मनातल्या मनात मोजायचीही सोय नाही, कारण समोरच्या पडद्यावर येणारी अक्षरं मोठ्याने वाचत राहायची.

आता झाली अर्धी! ती उजवीकडे गेली. झाली ना पण? परत डावीकडे. छे, झालीच होती. परत उजवीकडे.

काचेपलीकडच्या खोलीत तिची थोरली बहीण तोच खेळ खेळत होती. आधी डावीकडे, मग शांतपणे उजवीकडे. एकदाच. मग तिथेच मुक्काम.

थोरलीचं सगळंच सरळ. भांग सरळ, अक्षर सरळ, झोपायचीसुद्धा फूटपट्टीसारखी! "ताईकडून शिक जरा" हे ऐकून ऐकून धाकटीचे कान किटले होते. सुट्टीभर चालणाऱ्या प्रयोगासाठी दोघींपैकी एकीचीच निवड होणार होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, तिला ताईच्या नाकावर टिच्चून जिंकायचं होतं.

फेऱ्या संपल्या. संशोधक मॅडमनी दोघींना आत बोलावून आलेख दाखवले. थोरलीची रेघ पायरीसारखी होती. धाकटीची करवतीसारखी.

धाकटीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात तिला सकाळी मॅडमनी दोघींना प्यायला दिलेलं दाट पेय आठवलं.

"मॅडम, हे त्या पेयामुळे! तुम्हीच म्हणालात ना, मेंदूतलं सेरोटोनिन कमी केलं की उंदीर दोन बटणांमध्ये सारखी ये-जा करतात? ते कमी करणारा पेला मला आला. हिला साधा! हिला नेहमीच बरं मिळतं!"

"आज दोघींनाही साधाच दिला होता गं," मॅडम म्हणाल्या. "खरं पेय निवड झाल्यावर."



मॅडमनी करवतीवर बोट ठेवलं. "पण गंमत बघ. प्रत्येक फेरीत तुझी पहिली उडी बरोब्बर अर्ध्यावर आहे. वेळ तुला अचूक कळते. कळल्यावर तू तिथे टिकत नाहीस, एवढंच. वेळ कळणं वेगळं, टिकणं वेगळं. तुझी ताईही अर्ध्यावरच जाते. किंचित उशिरा, पण एकदाच. मला अशीच मुलगी हवी."

म्हणजे परत ताईच! ते खरं पेय कडूजहर निघो, असं धाकटीने मनोमन चिंतलं.

मॅडमनी अभिनंदनासाठी हात पुढे केला. थोरलीने तो घेतलाच नाही. तिचे कान लालबुंद झाले होते.

"मॅडम, हिला घ्या. मला वेळबिळ काही कळत नव्हतं," ती म्हणाली. "हिचा पहिला अंदाज कधी चुकत नाही. म्हणून मी काचेतून हिचाच हात बघत बसले होते. तो उजवीकडे गेला, की माझा."