आहे तसं चालू द्या

"फक्त एक नाव घ्यायचं, चिंतामणी," सोफ्यावर बसलेला उजेड म्हणाला. "माझं किंवा ह्याचं. तुमच्या तोंडून नाव निघालं की आमचं भांडण मिटलं."

"ह्याचं" म्हणजे अंधाराचं. तो समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत अंग चोरून, होईल तेवढा लहान होऊन बसला होता. त्याच्यामुळे हॉलचा तो कोपरा दिसत नव्हता, आणि उजेडामुळे बाकीच्या हॉलकडे बघवत नव्हतं. बदलापूरच्या त्या वन बीएचकेमध्ये रविवारी सकाळी सृष्टीच्या दोन्ही मूळ शक्ती पाहुण्या म्हणून आल्या होत्या, आणि माईंनी नवऱ्याचे पाहुणे म्हणून दोघांपुढे पोहे ठेवले होते.

दोघांची ताकद मुळातच सारखी. रस्सीखेच चालूच, पण दोर कुणाच्याच बाजूला सरकत नाही. म्हणून नियम असा की प्रत्येक विश्वात एकदा तिसऱ्याला विचारायचं, आणि तो तिसरा दोन्ही बाजूंना चालणारा हवा. शोधत शोधत दोघे ह्या सोसायटीपर्यंत आले होते. चिंतामणी इथले कित्येक वर्षांचे चेअरमन. ए विंग त्यांना आपलं मानत नव्हती, बी विंगही नाही. पण दुसऱ्या कुणाचं नाव पुढे आलं की दोन्ही विंग एका सुरात ओरडत, "त्यापेक्षा काका बरे!"

"आणि जो हरेल त्याचं काय?" चिंतामणींनी विचारलं.

"काही नाही," उजेड म्हणाला. "ह्या विश्वात त्याला जागा नाही."

तसं पाहिलं तर उजेडाचं नाव घ्यायला काय हरकत होती? माईंच्या कुरडया गच्चीवर वाळत पडल्या होत्या. पण अंबरनाथच्या कारखान्यात चिंतामणींनी उभा जन्म रात्रपाळ्या काढल्या होत्या. सकाळी घरी येऊन, खिडकीला जाड चादर लावून ते झोपायचे. ती झोप ह्या अंधाराने दिली होती. आता त्याच्या तोंडावर त्यालाच बाहेर काढायचं त्यांच्या जिवावर येत होतं.

माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "अहो, सांगून टाका एकदाचं! आपल्या उन्मेषचं बारसं तीनदा पुढे ढकललंत, का तर नाव ठरेना. बिल्डिंगला रंग द्यायचा तर अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. आता एवढे मोठे पाहुणे घरी येऊन विचारतायत, तरी तुमचं आपलं बघू-बघूच!"

चिंतामणींना ते लागलं. निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले होते, "चिंतामणी कधी चुकले नाहीत, कारण त्यांनी कधी काही ठरवलंच नाही." सगळे पोट धरून हसले होते. पहिल्या रांगेत माईही हसल्या होत्या. ते हसणं अजून त्यांच्या कानांतून गेलं नव्हतं. आज काय वाटेल ते होवो, ठरवायचंच. त्यांनी उजेडाकडे तोंड वळवलं, घसा खाकरला, आणि बेल वाजली.

दारात बी विंगचा प्रीतम होता, हातात रिकामी बादली घेऊन. "काका, आज फायनल करा हां! टाकी एक आणि विंग दोन. जांभूळच्या प्लांटमधून पाणी आलं की पहिला व्हॉल्व्ह कोणाचा, ए का बी? वो लोग बोलते हमारा. आज राडा होणार, सांगून ठेवतो."

शेजारच्या सोसायटीने हाच प्रश्न एका झटक्यात सोडवला होता. आता तिथे मधोमध भिंत होती, कोर्टात केस होती आणि गणपती दोन बसत होते.

"बघू," चिंतामणी म्हणाले. "पुढच्या मीटिंगला घेऊ विषय. तोवर दोन्ही व्हॉल्व्ह अर्धे-अर्धे. आहे तसं चालू द्या."

"म्हणजे त्यांनापण फुल नाय ना?"

"नाही."

"मग चालेल," म्हणत प्रीतम बादली हलवत जिना उतरला.

दार लावून चिंतामणी वळले. अंधाराने पोह्यांचा चमचा हातात तसाच धरला होता, बशीतले अर्धे पोहे तसेच होते. उजेडही सोफ्याच्या कडेवर येऊन बसला होता. जिंकायची खात्री असलेला माणूस असा बसत नाही. चिंतामणींना दोघांचीही दया आली. ओठांवर आलेलं नाव त्यांनी गिळलं.

"माफ करा," ते खाली मान घालून म्हणाले. "पुढच्या मीटिंगला घेऊ. तोवर दिवस ह्यांचा, रात्र त्यांची. आहे तसं चालू द्या."

माईंनी कपाळावर हात मारला. चिंतामणींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या सृष्टीने त्यांना एक प्रश्न विचारला होता, आणि तोही त्यांनी पुढे ढकलला होता.

पाहुण्यांच्या चेहऱ्यावर मात्र नाराजी दिसेना. अंधाराने पोहे संपवले आणि आणखी मागून घेतले. उजेडाने चिंतामणींचे दोन्ही हात घट्ट धरले, ते बराच वेळ सोडलेच नाहीत. मग दोघे दाराशी जाऊन चपला घालू लागले.

माईंना राहवलं नाही. "अहो, पण आजवर तुम्हाला एकसुद्धा ठाम माणूस भेटला नाही का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"भेटले ना, माई," अंधार म्हणाला. "सहा भेटले. हे सातवं विश्व आहे."