चार मिनिटांचं पद

सिनेमा सुटला तरी कुमुदताई दाराजवळच्या बाकावर बसून राहिल्या. ज्या संगीत नाटकात त्यांनी वीस वर्षं नायिका रंगवली, त्यावरचाच हा सिनेमा. नव्या नायिकेला आवाज देणाऱ्या मुलीला पदं त्यांनीच शिकवली होती. चौदा मिनिटांचं विरहाचं पद चार मिनिटांत बसवायला होकारही त्यांचाच. आता लोक काय म्हणतात ते ऐकल्याशिवाय तिथून पाय निघत नव्हता.

"गाणं रंगायच्या आतच संपलं की," एक आजोबा बाहेर पडता पडता म्हणाले.

"दिसायला झकास, पण नाटकाची सर नाही," त्यांच्या बायकोने मान हलवली.

शेजारी बसलेले अण्णा, नाटकातले जुने तबलजी, आधीच घुश्शात होते. "ताई, या पदाला तीन-तीन वन्समोअर घेतलेत आपण. इथं ओरडून काय उपयोग? पडदा थोडाच परत गातोय."

कुमुदताईंनी नुसताच पदर सावरला.

तेवढ्यात कॉलेजच्या दोन मुली बाहेर आल्या. एकीचे डोळे अजून ओले होते. मैत्रीण रिक्षाला हात करत होती, तिला तिने थांबवलं. "ए, सहाच्या खेळाला परत बसू या ना. मला ते गाणं पुन्हा ऐकायचंय."

दोघी तिकीटखिडकीकडे वळल्या.

"अण्णा," कुमुदताई हळूच म्हणाल्या, "मिळाला बघा वन्समोअर."

अण्णा गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि त्या मुलींच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले.